साक्षीची तयारी म्हणजे पढवणं नव्हे: कोकणातल्या पालकांसाठी, समन्सच्या आधीपासून साक्षीनंतरपर्यंत

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, खटल्यांत मुलांसोबत कोर्टात जाणं हे माझं काम. घरच्यांची एक चूक मला पुन्हापुन्हा दिसते. समन्स हातात पडलं की ते मुलाकडून साक्ष पाठ करून घेतात. एका आईनं तारीख, वार, वेळ सगळं वहीत लिहून मुलीकडून रोज रात्री घोकून घेतलं होतं. कोर्टात तिला मध्येच थांबवून एक साधा प्रश्न विचारला गेला. उत्तर देऊन पुढे जायचं तर ती परत पहिल्या वाक्यापासून सुरू झाली, कविता विसरल्यावर मुलं करतात तशी. मग उलटतपासणीत विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "आईनं." तिनं सांगितलेलं सगळं खरं होतं. पण ऐकणाऱ्याला ते आईचं वाटलं.

म्हणून तयारी कशाची करायची हे आधी पक्कं करा. कोर्टाची खोली, तिथली माणसं, प्रश्न विचारण्याची रीत आणि मुलाचे हक्क, एवढ्याची. घटनेबद्दल मूल काय बोलणार, त्याला हात लावायचा नाही.

## टप्पा १: सोबत कोण, हे आधी ठरवा

दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं की हे काम सुरू करा, समन्सची वाट बघू नका. कायद्यानं विशेष न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उशीर होतो, पण कधी लवकरही बोलावणं येतं आणि घरचे गडबडतात.

तीन माणसं लागतात.

पहिली, सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला आधार देणारी व्यक्ती. ही व्यक्ती जिल्ह्याची बालकल्याण समिती देते, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं. मिळाली नसेल तर समितीकडे साध्या कागदावर लेखी मागा. समिती कुठे बसते ते ठाऊक नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, नाहीतर १०९८ वर फोन करा.

दुसरी, वकील. खटला सरकारी वकील चालवतात, तरी मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील देण्याचा हक्क पोक्सोच्या कलम ४० मध्ये आहे. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं.

तिसरी, साक्ष चालू असताना खोलीत मुलाजवळ बसणारं विश्वासातलं माणूस. इथे बहुतेक घरं चुकतात, कारण सगळे आईचंच नाव धरतात. पण आई बऱ्याचदा स्वतः साक्षीदार असते, फिर्याद तिचीच असते. तिची साक्ष व्हायच्या आधी ती मुलाच्या साक्षीला बसली तर आरोपीचे वकील आक्षेप घेऊ शकतात, आणि ऐन वेळी तिला बाहेर जावं लागलं तर मूल तिथेच गळून जातं. सरकारी वकिलांना आधी विचारा: आधी कोणाची साक्ष घेणार? आई खोलीत बसू शकेल का? नसेल तर मावशी, आजी, शाळेतल्या बाई असं कोणीतरी ठरवा. जिचं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही आणि जिच्या शेजारी मूल निवांत बसतं अशीच व्यक्ती हवी. निवड मुलाला करू द्या. मी एका मुलाला विचारलं तर त्यानं शेजारच्या काकूचं नाव घेतलं. घरच्यांना नवल वाटलं, पण तो तिथे शांत बसला.

तपासा: तिघांची नावं आणि फोन नंबर एका कागदावर आहेत का? त्या विश्वासातल्या माणसाला त्या दिवशी काम सोडून यायला जमेल का? आंब्याच्या हंगामात हे नुसतं गृहीत धरू नका.

## टप्पा २: अर्ज वेळेत द्या

कायद्यात मुलांसाठी बऱ्याच सोयी आहेत, पण मागितल्याशिवाय त्या सगळ्या तिथे मांडून ठेवलेल्या असतील असं नाही. साक्षीच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी सरकारी वकिलांना भेटून या गोष्टी बोला, आणि लागेल तिथे त्यांच्यामार्फत अर्ज द्या:

- मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग (कलम ३६). आरोपीला साक्ष ऐकू येते, पण मुलासमोर त्याला बसवायचं नसतं.
- साक्ष बंद दालनात (कलम ३७).
- बोली समजणारा दुभाषा, किंवा मूल दिव्यांग असेल तर विशेष शिक्षक (कलम ३८).
- मुलाला प्रश्न न्यायाधीशांनी विचारावेत. कलम ३३ प्रमाणे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे असतात. प्रत्यक्षात कोर्टागणिक फरक पडतो, म्हणून आपल्या कोर्टात कसं चालतं ते आधी विचारा.
- साक्षीदार तपासणीचं वेगळं दालन त्या कोर्टात आहे का आणि ते मिळेल का.

दुभाष्याची गोष्ट इथे लांबवून सांगते, कारण आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. देवगड-वेंगुर्ल्याकडचं सात-आठ वर्षांचं मूल मालवणीत विचार करतं. न्यायाधीश विदर्भातून किंवा मराठवाड्यातून बदलून आलेले असू शकतात. मूल म्हणतं, "तेना माका मांगरात व्हेला", म्हणजे त्यानं मला मांगरात नेलं. मांगर म्हणजे बागेतली झोपडी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर कागदावर काहीतरी भलतंच येतं, आणि महिन्यानंतर वकिलांच्या युक्तिवादाच्या वेळी त्याच एका शब्दावरून भांडण होतं. पडवी, खळं, मागीलदार, परसू, या जागा आपल्याला डोळ्यासमोर दिसतात, पण बाहेरच्या माणसाला त्या समजावून सांगाव्या लागतात. ते काम दुभाष्याचं. मुलाकडून "शुद्ध" बोलून घ्यायचा खटाटोप करू नका. ते शुद्ध बोलायच्या धडपडीत मूळ सांगायचंच विसरतं. शरीराच्या भागांना ते घरी जे शब्द वापरतं तेच कोर्टातही वापरू द्या. फक्त ते शब्द कोणते, हे सरकारी वकिलांना आधी कळू द्या.

सावधान: समन्स घेऊन गणवेशातला पोलीस वाडीत आला की दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा, की समन्स आम्ही येऊन घेऊ किंवा साध्या कपड्यांतल्या माणसाकडून पाठवा. मुलाची ओळख उघड करणं हा कलम २३ खाली गुन्हा आहे. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकणाऱ्यालाही हे आधी बजावून सांगा.

आणि दबाव. "मिटवून टाका" असं सांगायला भावकीतलं कोणीतरी येतंच, कधी मुंबईहून गणपतीला आलेला काका, कधी गावातला मानकरी. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटत नाही. कायद्यात तशी तडजोड नाही. कोण आलं, कधी आलं, काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पोलीस, सरकारी वकील व बालकल्याण समिती यांना लेखी कळवा. धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. या गोष्टी मुलासमोर बोलू नका. "तुझ्यामुळे गावात तोंड दाखवता येत नाही" एवढं वाक्य त्याच्या कानावर पडलं, की ते कोर्टात बोलत नाही.

## टप्पा ३: कोर्ट आधी दाखवा

साक्षीच्या आठवडाभर आधी, कामकाज संपल्यावर किंवा शांत वेळी, मुलाला एकदा कोर्टात घेऊन जा. परवानगी सरकारी वकिलांमार्फत मिळते. आधी खटला कोणत्या कोर्टात चालू आहे ते नीट बघा. जिल्हा न्यायालयं ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला आहेत, पण अतिरिक्त सत्र न्यायालयं इतर काही ठिकाणीही बसतात.

दाखवायचं काय? दरवाजा कुठून, न्यायाधीश कुठे, मूल कुठे बसणार, विश्वासातलं माणूस कुठे, पडदा कुठे. लघवीला कुठे जायचं ते आठवणीनं दाखवा. मी ज्या मुलांना कोर्ट दाखवलं त्यांतल्या बहुतेकांनी सगळ्यात आधी हेच विचारलं. मुलाला खुर्चीत बसवून बघा. पाय लोंबकळत असतील तर पाट किंवा छोटं स्टूल मागा. पाय टेकले की मूल ताठ बसतं आणि आवाज सुटतो, हे मी स्वतः पाहिलंय.

माणसांची कामं सोप्या शब्दांत सांगा. न्यायाधीश: "सगळं ऐकून घेणारे, कोणाच्याच बाजूचे नाहीत." लिहिणारे: "तू बोलशील ते टाईप करतात, म्हणून सावकाश." सरकारी वकील: "हे आधी विचारतात." आरोपीचे वकील: "हे नंतर विचारतात, त्यांचं कामच शंका काढायचं आहे. ते तुझ्यावर चिडलेले नाहीत." आरोपी: "तो पडद्याच्या पलीकडे असेल. तुला ऐकेल, तुझ्याकडे येऊ शकणार नाही." हे शेवटचं लपवू नका. "तो येणारच नाही" असं सांगितलंत आणि कॉरिडॉरमध्ये तो दिसला, तर मुलाचा तुमच्यावरचा भरवसा तिथेच जातो. ओळख पटवण्यासाठी क्षणभर त्याच्याकडे बघायला लागू शकतं, हेही सरकारी वकिलांकडून समजून घेऊन मुलाला आधी सांगा.

चूक होते ती इथे: गर्दीच्या दिवशी कोर्ट दाखवायला नेणं. बेड्या, पोलीस, आरडाओरडा बघून मूल घाबरतं. रिकामी खोलीच दाखवा.

## टप्पा ४: प्रश्नांचे नियम, दुसऱ्याच विषयावर शिकवा

यासाठी चार-पाच दिवस रोज दहा मिनिटं पुरतात. विषय मासे, शाळा, क्रिकेट, काहीही. घटनेचा एकही प्रश्न या खेळात येऊ द्यायचा नाही.

पहिला नियम: माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं. विचारा, "काल रात्री माझ्या घरी जेवायला काय होतं?" मूल आधी अंदाज करतं: "मासे?" मग सांगा, "तू होतास का तिथे? नाही ना? मग म्हण, माहीत नाही." शाळेत "माहीत नाही" म्हटलं की ओरडा बसतो, म्हणून मुलांना ते बोलणं जड जातं. कोर्टात ते पूर्ण उत्तर असतं. "माका ठावक नाय" हेही तितकंच पूर्ण.

दुसरा: विसरलं असेल तर "आठवत नाही". या दोन उत्तरांत फरक आहे. "तिसरीत तुझ्या वर्गात कोण पहिलं आलं?" असं विचारून तो फरक दाखवा.

तिसरा: चुकीचं विचारलं तर दुरुस्त करायचं. दप्तर निळं असेल तर विचारा, "तुझं दप्तर हिरवं आहे ना?" मोठ्यांना "नाही" म्हणायची सवय आपण मुलांना लावतच नाही. ही सवय या खेळात लागते.

चौथा: समजलं नाही तर "परत सांगा". मुद्दाम गुंतागुंतीचा प्रश्न विचारा: "तू काल शाळेत गेला नव्हतास हे खरं नाही, असं म्हणणं बरोबर आहे का?" उलटतपासणीत असे उलटसुलट नकार येतात, आणि मूल "हो" म्हणून मोकळं होतं. न समजलेल्या प्रश्नाला "समजलं नाही" म्हणायला ते शिकलं, तर तुम्ही त्याला खूप काही दिलंत.

पाचवा: दमलं, रडू आलं, लघवीला लागली तर हात वर करून सांगायचं. वारंवार विश्रांती देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ समजत नसेल तर शपथ न देताही साक्ष घेता येते. न्यायाधीश आधी नाव, शाळा, खरं-खोटं म्हणजे काय असं विचारून समज बघतात. त्यासाठी वेगळी तयारी नको. खोटं बोललं तर काय होतं, हे मुलाला ठाऊक असतं.

सावधान: "कोर्टात काय बोलायचं ते आईनं सांगितलं का?" हा प्रश्न येणारच. घरात तुम्ही फक्त "खरं सांग" एवढंच म्हटलं असेल, तर मुलाकडे खरं उत्तर तयार आहे: "आई म्हणाली, खरं सांग." त्यापलीकडे काही म्हटलं असेल, तर तेही बाहेर येतं. म्हणून "चांगलं बोललीस तर सायकल घेऊ" असलं आमिषही नको.

मुलानं पोलिसांना आणि मॅजिस्ट्रेटला दिलेला जबाब घरी वाचून घेऊ नका. आठवण ताजी करायची गरज असेल तर ते सरकारी वकील बघतील. समुपदेशन चालू असेल तर ते चालू ठेवा, फक्त समुपदेशकाकडून साक्षीची तालीम करून घेऊ नका.

## टप्पा ५: "कधी?" या प्रश्नाचं काय करायचं

घरचे सर्वांत जास्त घोळ इथे घालतात, म्हणून हा टप्पा वेगळा काढला. लहान मूल तारीख लक्षात ठेवत नाही. ते म्हणतं, "शिमग्याच्या आदी", "काजू सुरू झाले तेव्हा", "बाबा होडी वर काढून बसले होते तेव्हा", "तिन्हीसांजेला". मोठी माणसं याचं भाषांतर करतात: "म्हणजे १४ मार्च, संध्याकाळी साडेसहा." हे करू नका. मुलाच्या तोंडी तारीख आली की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुला एवढी तारीख कशी आठवते?"

शिमगा कधी होता, होड्या कधी वर काढतात हे कॅलेंडरवरून आणि इतर साक्षीदारांकडून सिद्ध करता येतं. ते वकिलांचं काम. मुलाच्या खुणा मुलाच्याच राहू द्या.

## टप्पा ६: आदला दिवस

पावसाळ्यात साक्ष असेल तर आदल्या दिवशीच कोर्टाच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम करा. दरड कोसळली, वहाळाला पाणी आलं, पहिली एसटी चुकली तर साक्ष पुढे जाते आणि मुलाची सगळी तयारी वाया जाते. परीक्षा असेल तर सरकारी वकिलांना आधीच सांगून दुसरी तारीख मागता येते. शाळेत रजेचं कारण "घरगुती काम" एवढंच.

पिशवीत: समन्स, ओळखपत्र, पाण्याची बाटली, सुका खाऊ, एक जादा कपड्यांचा जोड, मुलाचं आवडतं पुस्तक किंवा खेळणं, एसटीची तिकिटं. साक्षीदाराला प्रवासाचा भत्ता मिळतो, तो त्याच दिवशी मागायचा.

मुलाला रात्री एक गोष्ट नक्की सांगा: "उद्या कदाचित होणार नाही. मग आपण परत येऊ." तारीख पडणं नेहमीचं आहे, आणि न सांगता ती पडली की मूल दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही.

## टप्पा ७: कोर्टातला दिवस

सकाळी पोचल्यावर आधी सरकारी वकिलांना भेटा. आरोपीच्या घरच्यांपासून दूर बसायची जागा मागा. पट्टेवाला कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं पुकारा करतो. मुलाचं नाव तसं पुकारू नये, हे कोर्टातल्या लिपिकाला आधीच सांगा.

आत गेल्यावर विश्वासातल्या माणसानं काय करायचं? काहीच नाही. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. मूल अडखळलं की हात आपोआप पुढे जातो, म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवा. एक खूण जरी दिसली तरी साक्षीवर शंका येते. मूल फारच विस्कटलं तर "विश्रांती हवी आहे" एवढं मोठ्यानं न्यायाधीशांना सांगा.

आरोपीचे वकील आवाज चढवू लागले, किंवा मुलाच्या चारित्र्यावर घसरले, तर कलम ३३ न्यायाधीशांना ते थांबवायला सांगतं. सरकारी वकिलांनी किंवा तुमच्या वकिलांनी तिथेच आक्षेप घ्यायला हवा. हे त्यांच्याशी आदल्या भेटीतच बोलून ठेवा.

साक्ष संपल्यावर लिहिलेलं मुलाला वाचून दाखवतात आणि मग सही किंवा अंगठा घेतात. दमलेलं मूल इथे नुसती मान डोलावतं. त्याला आधीच सांगा: "तू बोललास त्यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर लगेच सांग." बोलीतले शब्द बरोबर उतरलेत का, तेही याच वेळी बघायचं.

## टप्पा ८: बाहेर आल्यावर

"काय विचारलं? तू काय बोललीस?" हे विचारू नका. आईची साक्ष अजून व्हायची असेल तर बिलकूलच नको. त्या दिवशी जेवायला कुठे जायचं ते मुलाला ठरवू द्या. मी सोबत गेले होते त्या एका मुलीनं स्टँडजवळ सोलकढीचे दोन पेले एकामागून एक प्यायले आणि मग विचारलं, "आता परत बोलायला लागणार नाय ना?" शक्यतो नाही, असं मी तिला म्हणाले. मुलाला वारंवार साक्षीला बोलावू नये असं कायदा सांगतो. पण "कधीच नाही" असं वचन मी दिलं नाही.

पुढचे काही दिवस झोप, भूक, अंथरूण ओलं होणं, शाळेला जायला नकार यांवर लक्ष ठेवा. हे दिसलं तर सपोर्ट पर्सनला कळवा, समुपदेशन पुन्हा सुरू करा. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि मनोधैर्य या पीडितांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतो. तो राहिला असेल तर आता करा.

निकालाच्या दिवशी मुलाला कोर्टात न्यायची गरज नसते. पण बातमी वाडीतून त्याच्या कानावर जायच्या आधी तुम्ही सांगा, शांत जागी, त्याच्या शेजारी बसून. "त्याला जेल होईलच" असं आधी कधी म्हटलं असेल, आणि तसं झालं नाही, तर मूल समजतं की आपलं खरं मानलं नाही. म्हणून अगदी पहिल्या दिवसापासून हेच वाक्य वापरा: "तुझं काम सांगायचं होतं, ते तू केलंस. ठरवायचं काम न्यायाधीशांचं."

पुन्हा समन्स आलंच, तर चौथ्या टप्प्यातला दप्तराचा खेळ परत दोन दिवस खेळा. वहीत काही लिहून देऊ नका.